ओला ब्रश

ब्रश ओला होता. मधुकररावांनी तो अंगठ्यानं दाबून पाहिला, मग छातीवरच्या बनियनला टेकवून पाहिला, आणि बनियनवर रुपयाएवढा डाग उमटला तेव्हा शंकेला जागाच उरली नाही. आज अजून दाढी व्हायची होती. काल सकाळी दाढीनंतर त्यांनी ब्रश नेहमीसारखाच कोमट पाण्यात धुतला होता, मुठीत धरून दाबला होता (पिळला नव्हता, पिळणारे लोक वेगळे), झटकला होता आणि न्हाणीघराच्या खिडकीला स्वतः वाकवून बसवलेल्या तारेच्या आकड्यात, केस खाली आणि मूठ वर, असा टांगला होता. श्रावणाचे दिवस होते, हे मान्य. या दिवसांत भंडाऱ्यात काय वाळतं? टॉवेल वाळत नाही, उशीची खोळ वाळत नाही, डब्यातल्या मिठालासुद्धा पाणी सुटतं. पण दमट वेगळं आणि ओलं वेगळं. ज्याची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात कालव्याच्या पाण्यावर पहारा देण्यात गेली, कोणाच्या धानाच्या बांधीत चोरून पाणी वळवलं गेलं हे जो सकाळी शेताच्या धुऱ्यावर उभा राहून नुसत्या मातीच्या रंगावरून सांगायचा, त्याला ओलाव्यातलं कोणी शिकवू नये. हा ब्रश कोणीतरी वापरला होता. वापरून धुतला होता. आणि धुऊन पुन्हा बरोबर आकड्यात, केस खाली आणि मूठ वर, टांगला होता. चोरापेक्षा चोराचा हा नीटनेटकेपणा त्यांना जास्त लागला.

घरात माणसं दोन. लेक मोना लग्न होऊन पुण्याला. राहता राहिले ते स्वतः आणि बायको निर्मलाबाई, जिला दाढी नव्हती. म्हणजे संशय घ्यायचा तर स्वतःवरच घ्यायला हवा होता, आणि तो त्यांनी प्रामाणिकपणे घेतलाही. या उन्हाळ्यात निवृत्त झाल्यापासून त्यांना स्वतःचा भरवसा राहिला नव्हता. मागच्या महिन्यात ते स्कूटरनं बँकेत गेले आणि पायी परत आले, आणि संध्याकाळी स्कूटर चोरीला गेली म्हणून घर डोक्यावर घेतलं. तेव्हा पहाटे झोपेत उठून आपणच दाढी केली असेल, असं म्हणून त्यांनी गालावरून हात फिरवला. खुंट जागच्या जागी होते. इतका आनंद त्यांना खुंटांचा आजवर झाला नव्हता. मग त्यांनी ब्रश नाकाशी नेला. साबणाच्या वासाखाली आणखी एक वास होता, आंबट, ओळखीचा, पण न्हाणीघरात ओळख न पटणारा. बाजारात भेटलेला माणूस सासुरवाडीत दिसावा तसा. पुन्हा हुंगल्यावर पटली. चिंच. दाढीच्या ब्रशाला चिंचेचा वास. त्यांनी त्याच ब्रशानं दाढी केली, कारण दाढी न करता दिवस काढणं त्यांना जमत नव्हतं, पण सबंध वेळ आपण आमटीत तोंड घातलंय असं त्यांना वाटत राहिलं.

ब्रशाचं हे सगळं शास्त्र त्यांना लाखनीला मिळालं होतं. तिथे त्यांची पहिली नेमणूक. हायवेवर हेमराजचं सलून होतं, बाहेर ट्रक उभे, आत रात्रभर गाडी हाकून आलेले ड्रायव्हर मान मागे टाकून घोरत दाढी करून घेणारे. नव्या नोकरीचा, नव्या संसाराचा तरुण मधुकर नागपूरहून लाकडी मुठीचा एक झोकदार ब्रश घेऊन आला होता आणि तो गालाला टोचतो म्हणून हेमराजकडे तक्रार घेऊन गेला होता. हेमराजनं ब्रश उलटासुलटा करून पाहिला आणि खी खी करून हसला. "टोचनच ना साहेब. डुकराचा केस हाय तो. पन सहा महिने रोज घासा, उकळतं पानी नोका दाखवू, पिळू नोका, उलटा टांगत जा. टोकं फाटतेत त्याचे. मंग पाहा कसा लोन्यावानी होते." डुकराचा म्हटल्यावर मधुकररावांच्या अंगावर काटा आला होता. आठ-दहा दिवस त्यांनी बोटानंच फेस लावला. मग एकदा घाई होती म्हणून ब्रश घेतला, मग पुन्हा घेतला, आणि सहा महिन्यांनी तो खरंच लोण्यासारखा झाला तेव्हा तो कोणाचा हा प्रश्न मागे पडला होता. बायकोला मात्र सांगितलं नाही. निर्मला मोहाडीकडच्या खेड्यातली, धानाच्या घरातली. लोंब्या भरत आल्या की तिचे बाबा शेतातल्या माळ्यावर टिनाचा डबा बडवत रात्र जागायचे आणि तरी सकाळी रानडुकरांनी निम्मी बांधी लोळवलेली असायची. डुक्कर हा शब्दसुद्धा ती जेवताना कोणाला काढू देत नसे. तिला कळतं तर ब्रश उकिरड्यावर आणि त्याच्या मागोमाग बहुधा मधुकर. तेव्हापासून त्याच जातीचा हा तिसरा ब्रश, आणि तिसऱ्यांदा त्यांनी मूग गिळले होते.

आणि काळजी तरी किती घेतली! भंडाऱ्यातल्या त्यांच्या बोअरचं पाणी असं की बादलीला पांढरी पुटं चढतात, नळाच्या तोटीचं तोंड बुजतं. अशा पाण्यात ब्रशाच्या बुडाशी चुना साचून केस ताठ व्हायलाच हवेत. त्यांचा ब्रश कधी झाला नाही. याचं श्रेय ते महिन्याच्या महिन्याला करत असलेल्या व्हिनेगरच्या अंघोळीला द्यायचे, आणि जावयालाही त्यांनी लग्नानंतरच्या पहिल्याच भेटीत याबद्दल दीर्घ माहिती दिली होती. जावई दाढी राखून होता. तो शेवटपर्यंत मान डोलावत राहिला. मुलगा संस्कारी होता.

दुसऱ्या दिवशी मधुकरराव पहाटेच जागे झाले आणि डोळे मिटून पडून राहिले. कालव्यावर हेच करायचं असतं. आपण झोपलोय असं समोरच्याला वाटलं पाहिजे. निर्मलाबाई उठल्या, त्यांची पावलं न्हाणीघराकडे गेली, तारेचा आकडा किणकिणला, पावलं परत आली आणि देवघराच्या खोलीत विसावली. मधुकरराव अनवाणी उठून दाराच्या फटीशी गेले. निर्मलाबाई पाटावर बसल्या होत्या. पुढ्यात परातीत बाळकृष्ण होता, चार बोटं उंचीचा, रांगता, एका हातात लोण्याचा गोळा धरलेला. इथल्याच पितळेचा, इथल्याच तांबटाच्या हातचा, निर्मलाबाईंच्या आईनं, गोदावरीबाईंनी, लग्नात लेकीच्या ओटीत घातलेला. वाटीत चिंचेचा कोळ होता. आणि त्या कोळात बुडवून, हळुवार गोल गोल फिरवत, मधुकररावांच्या दाढीच्या ब्रशानं बाळकृष्णाची अंघोळ चालली होती.

"थांब ना रे बाप्पा, हालू नोको," निर्मलाबाई म्हणत होत्या. "कानामागं किती मळ साचते तुह्या. परवा कान्होबा येऊन राह्यले घरी, अन् त्यायच्या बाजूले तू असा काळाकुट्ट बसशीन काय?" ब्रश कानामागून मानेवर आला, तिथून बगलेत. मग त्यांनी देवाला उचलून डोळ्यांजवळ नेलं, आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या. "डाव्या डोळ्यानं तर तुहा चेहराच दिसत नाही आता. धुकं पडल्यावानी वाटते. उजवा हाय तवरिक चालते. पन यायले नोको सांगू बरं. सांगलं का कपाटातले सारे कागद काढतीन, अन् नागपूरले नेऊन दिवसभर डॉक्टरलेच अक्कल शिकवतीन. मले नाही होत तो तमाशा." बाळकृष्ण लोण्याचा गोळा धरून ऐकत होता. त्याचा चेहरा सगळं आधीपासून ठाऊक असलेल्या माणसाचा होता.

मधुकरराव परत येऊन अंथरुणावर पडले. आता सगळा उलगडा होत होता. ते ऑफिसात असत तेव्हा हा कार्यक्रम दुपारी चालत असणार आणि दुसऱ्या सकाळपर्यंत ब्रश खडखडीत वाळत असणार. ते निवृत्त होऊन घरात बसले तशी बिचारीला पहाट गाठावी लागली. उन्हाळ्यात तेही निभावलं, श्रावणानं चहाडी केली. म्हणजे वर्षानुवर्षं. म्हणजे ब्रशाला चुना न चढू देणारं व्हिनेगर नव्हतं, चिंच होती, आणि जावयाला दिलेलं व्याख्यान साफ खोटं होतं. पण त्यांना सलत होतं ते हे नव्हे. डोळा. आपल्या बायकोच्या डोळ्यात धुकं आहे आणि हे आपल्याला चोरून ऐकावं लागतं. दोघांत बोलणं होतं ते भाजीचं, गॅसचं, मोनाच्या फोनचं. आणि या घरात इतकी वर्षं एक तिसरा राहत होता, चार बोटांचा, फुकटचं लोणी खाणारा, त्याला तिचा दुखरा गुडघा ठाऊक, डोळा ठाऊक, आणखी काय काय ठाऊक. मधुकररावांना त्याचा हेवा वाटला. पितळेचा हेवा वाटतो म्हणून लाजही वाटली, पण हेवा त्यानं कमी झाला नाही.

मग, चहा पिताना, त्यांच्या ध्यानात आलं की या तिसऱ्याला घराबाहेर काढणारं वाक्य आपल्याजवळ आहे. तो ब्रश डुकराच्या केसांचा आहे. एवढंच. हे वाक्य उच्चारलं की निर्मलाबाईंचा हात जागच्या जागी थिजेल. त्या बाळकृष्णाला पुन्हा हात लावणार नाहीत. किती पाण्यानं धुतला तरी मन मानणार नाही. पदरात बांधून वैनगंगेवर नेतील, कारध्याच्या पुलावरून सोडतील, दोन दिवस जेवणार नाहीत. आणि तिसऱ्या दिवशी कोणाशी बोलतील? घरात दुसरं आहे कोण? मधुकररावांनी ते दृश्य मनात रंगवून पाहिलं. ओसरीवर दोन खुर्च्या. निर्मला म्हणते, डाव्या डोळ्यानं धुकं दिसते. आणि ते म्हणतात... ते म्हणतात, कागद कुठे आहेत, मागच्या वेळचा चष्म्याचा नंबर काय होता, मी तेव्हाच सांगितलं होतं की अंधारात तांदूळ निवडू नको. मनातल्या मनातसुद्धा त्यांना दुसरं काही सुचलं नाही. मनातली निर्मला उठून आत गेली.

तरी ते वाक्य तोंडात घोळवत ते त्या दिवशी चालत पार कारध्याच्या पुलापर्यंत गेले. नदी दोन्ही थड्या भरून चालली होती, गढूळ, सुस्त, वासरू गिळून पडलेल्या अजगरासारखी. कठड्याला टेकून त्यांनी खाली पाहिलं. पितळ तरंगत नाही. टाकला की गेला. तो रांगता बिचारा हातातलं लोणी सांभाळत गाळात जाऊन बसेल, आणि कानामागे मळ साचत राहील. छे, असं करता यायचं नाही, देवाशी भांडण असलं तरी त्यालाही काही रीत असते, असं त्यांनी स्वतःला बजावलं आणि परतताना विक्कीच्या जनरल स्टोअर्समध्ये शिरले. गुपचूप अदलाबदल करावी, डुकराला वेगळं करावं आणि विषय मिटवावा, असा त्यांचा साधा बेत होता. "मऊ ब्रश दाखव," ते म्हणाले, "एकदम मऊ. लहान्यासाठी पायजे." विक्कीनं निळ्या मुठीचा, तान्ह्या बाळाच्या केसांचा ब्रश काढला आणि डोळे मिचकावले. "आजोबा होऊन राह्यले काय काकाजी? पेढे कधी?" मधुकररावांनी पैसे दिले आणि काही न बोलता निघून आले, त्यामुळे विक्कीची खात्रीच पटली.

तो ब्रश त्यांनी देवघरात चिंचेच्या वाटीशेजारी ठेवला. दुपारी निर्मलाबाई तो हातात धरून ओसरीवर आल्या. त्यांचा चेहरा असा उजळला होता की मधुकरराव खुर्चीत सावरून बसले. "हा तुमी आनला काय जी? पोरीनं तुमाले सांगलं अन् मले नाही?" त्यांना कळेपर्यंत पुण्याला फोन लागलाही होता. मोना मीटिंगमध्ये होती. आधी तिला काही समजेना, आणि समजलं तेव्हा ती इतक्या जोरात ओरडली की फोन कानापासून लांब धरूनही मधुकररावांना शब्द न् शब्द ऐकू आला. फोन ठेवल्यावर निर्मलाबाईंनी निळा ब्रश कपाटात मोनाच्या जुन्या फ्रॉकांच्या बोचक्यात ठेवून दिला, पुढेमागे लागेल म्हणून. त्या देवघरात गेल्या आणि बराच वेळ हलक्या आवाजात काहीतरी सांगत राहिल्या. मधुकररावांना वाटलं, माझीच गाऱ्हाणी असणार.

कान्होबाच्या, म्हणजे जन्माष्टमीच्या, दिवशी सकाळी ते चेहरा ओला करून, खांद्यावर टॉवेल टाकून आकड्यापाशी गेले तर आकडा रिकामा. खरं म्हणजे थांबायला हवं होतं. पाच-दहा मिनिटांत ब्रश जागेवर आला असता आणि सगळं मागच्यासारखं चाललं असतं. पण गालावरून पाणी ओघळून बनियनमध्ये शिरत होतं, रिकामा आकडा हलत होता, आणि देवघरातून ती हलकी, लाडीक कुजबुज येत होती जी गेल्या कित्येक वर्षांत त्यांच्या वाट्याला आली नव्हती. ते तसेच गेले आणि दारात उभे राहिले. मातीचे रंगीत कान्होबा पाटावर येऊन बसले होते, आणि परातीत बाळकृष्ण सोन्यासारखा झळकत होता. इतका झळकत होता की त्यांच्या तोंडून ते वाक्य निसटलंच.

"तो ब्रश डुकराच्या केसायचा हाय."

निर्मलाबाईंचा हात थिजला नाही. ब्रश बाळकृष्णाच्या पाठीवरून कमरेकडे उतरला. "ठाऊक हाय मले," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"लाखनीपासून. हेमराजची मंदाबाई यायची ना आपल्याकडं पान्याले, तिनं सांगलं होतं. आठ दिवस तुमी बोटानं फेस लावून राह्यले होते तवाच."

तीन ब्रश, तिन्ही वेळा मधुकररावांनी गिळलेले मूग, सगळं फुकट. "अन् तरी तू देवाले..."

"माह्या बाबाचं किती धान खाल्लं त्यायनं," निर्मलाबाई म्हणाल्या. "करू दे थोडी सेवा."

हरलेला माणूस काहीतरी बोलतोच. "अवं, पन दुसरं काही नोयतं काय घरात? फडकं होतं, कापूस होता..."

"फडकं कानामागं जात नाही. कापूस अडकून बसते." आता त्यांनी मान वळवली. त्या जरा वाकडी वळवत होत्या, उजवा डोळा पुढे आणत. हे त्या केव्हापासून करत असतील? "अन् सांगा तुमीच. ह्या घरात एवढं मऊ दुसरं हायेच काय?"

त्या रागावल्या नव्हत्या. टोमणाही नव्हता तो. त्या विचारलेल्या प्रश्नाचं सरळ उत्तर देत होत्या, आणि म्हणूनच मधुकररावांना ते फार लागलं. त्यांना वाईट वाटलं, अगदी साधं, लहान मुलाला वाटतं तसं. ब्रशाला त्यांनी रोज कोमट पाणी दिलं होतं. उकळतं कधी दाखवलं नाही. मुठीत धरून दाबला, पिळला नाही. बाहेर गावातून लाऊडस्पीकरवर गोविंदाची गाणी लागत होती. हनुवटीवरून पाण्याचा थेंब पडला, मग दुसरा पडला.

"डोळा दाखवाले जाऊ," ते म्हणाले. आवाज त्यांना स्वतःलाच ओळखू आला नाही. "कागद नाही काढत. डॉक्टरशीही बोलत नाही. नुसता बाजूले बसून राहीन."

ब्रश थांबला. डुकराच्या नावानं थांबला नव्हता तो आता थांबला. "तुमाले कोनं सांगलं?"

मधुकररावांनी हनुवटीनं परातीकडे दाखवलं. "यानं."

निर्मलाबाईंनी बाळकृष्णाकडे पाहिलं, असं की त्या जागी माणूस असता तर घर सोडून गेला असता. "तुले सांगलं होतं ना रे," त्या म्हणाल्या. मग मधुकररावांकडे पाहिलं, मग पुन्हा देवाकडे, आणि त्यांचे खांदे हलू लागले. त्या हसत होत्या. पदरानं डोळे पुसत त्यांनी ब्रश तांब्यातल्या पाण्यात खळबळून धुतला, मुठीत धरून दाबला, झटकला. हे सगळं त्या इतकं बरोबर करत होत्या की मधुकररावांना बोट दाखवायला जागा सापडेना. गुडघ्यावर हात देत त्या उठल्या आणि ब्रश त्यांच्या हातात देण्यासाठी जवळ आल्या. द्यायला म्हणून आल्या, पण दिला नाही. उजवा डोळा पुढे काढून त्यांनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बारकाईनं पाहिलं, एका हातानं त्यांची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला, आणि ओला, मऊ, चिंचेच्या वासाचा ब्रश गालावरून वर कानाकडे नेला.

"थांबा ना जी, हालू नोका," निर्मलाबाई म्हणाल्या. "कानामागं किती मळ साचते तुमच्या."